लहानूच्या घळीतला वेत

मॅट्रिकच्या वर्षापर्यंत वेताला पानं असतात हे मला ठाऊक नव्हतं. मला नव्हतं, माझ्या अण्णांनाही नव्हतं, आणि नाशिकच्या आमच्या बुरूड आळीत वेतावर हात बसलेलं दुसरं कुणी नसल्यामुळे अख्ख्या आळीला नव्हतं. अण्णांनी तोवर वीस वर्षं वेताचं काम केलेलं. देवळालीच्या छावणीतल्या साहेबांच्या आरामखुर्च्या, वकिलांच्या बैठकी, रेल्वेच्या बाबूंच्या खुर्च्या, सगळ्यांच्या जाळ्या त्यांच्या हातच्या. वेत यायचा तो मुंबईच्या व्यापाऱ्याकडून, नाशिक रोडला मालगाडीने, गोणपाटात बांधलेल्या मोळ्यांत. सोललेला, वाळलेला, पिवळा. त्याचा बुडखा कुठला आणि शेंडा कुठला हे अण्णा डोळे मिटून बोटांनी सांगत. पण तो उगवतो कुठे, दिसतो कसा, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. बांबूचाच कुणी लांबचा भाऊ असेल, बेटात वाढत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. हे ऐकून माझा नातू हसला, तेव्हा मी त्याला म्हटलं, तुझ्या बुटाच्या रबराचं झाड कसं असतं ते सांग बरं. 

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली कामाची, मागची माणसांची. पुढच्या खोलीच्या दारात दगडी डोणी, तिच्यात वेत भिजत पडलेला. भिजलेल्या वेताला एक आंबूस गोड वास येतो, तो आमच्या कपड्यांना, वह्यांना, अंथरुणांना होता. शाळेत माझ्या शेजारी बसणारा मुलगा नाक मुरडायचा. पहिल्या तिमाहीत मी वर्गात पहिला आलो तेव्हापासून मुरडेनासा झाला. सकाळी जाग यायची ती साल काढण्याच्या आवाजाने. सुरीच्या पात्यावरून वेत ओढला की कर्रर्र असा लांब आवाज निघतो, आणि तो मध्येच तुटला तर समजायचं की साल फाटली. आई मागच्या खोलीतून त्या आवाजावरून अण्णांचा मूड ओळखायची. "आज तीनदा तुटली. चहा आधी दे त्यांना, मग वह्यांचं बोल," असं मला सांगायची. वेत वाकवायचा असला की चुलीचा जाळ अण्णांचा, भाकरी थांबायची. आणि वेताची बारीक कूस सगळीकडे. बाजरीच्या भाकरीत, उडदाच्या घुट्यात, ठेच्यात. घास तोंडात घातला की आधी जिभेने चाचपायचा आणि मग चावायचा, ही आमच्या घरची रीत. मी पुढे मोठमोठ्या लोकांच्या पंगतीला बसलो, तिथेही चाचपूनच खाल्लं.

वेताला पानं असतात हे आम्हाला सांगितलं देवळालीच्या एका मलबारी कंपाउंडरने. कुंजू त्याचं नाव. त्याची खुर्ची विणायला आली होती आणि तो ती न्यायला आला तेव्हा अण्णा व्यापाऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसले होते. त्या खेपेची मोळीच्या मोळी आतून काळी पडलेली होती, वाकवली की कटकन मोडत होती.

"असलं बेट कापतातच कशाला?" अण्णा म्हणाले.

"बेट?" कुंजू म्हणाला. "मिस्त्री, बेट नै. वेल. झाडावर चढतो. हमारे घरके पीछे है ना. काटा ऐसा, की हत्ती बी नको म्हणतो."

"कंपाउंडरसाहेब, खुर्ची तुमची तयार आहे. थापा कशाला मारता?"

कुंजूला ते लागलं असावं. रजेवरून परत आला तो फडक्यात बांधून वेताची फळं घेऊनच. बोराएवढी, आणि वर सापाच्या कातडीसारखे खवले. अण्णांनी एक फळ तळहातावर घेतलं आणि बराच वेळ नुसतं फिरवून बघत राहिले. आईने मात्र लगेच ती ताब्यात घेतली, बिया सोलून काढल्या, राखेत घोळल्या आणि चार दिवस पत्र्यावर खडखडीत वाळवल्या. बियाणं म्हटलं की ते वाळवायचं, हे दुधी-दोडक्यापासून तिच्या हाताला ठाऊक. पेरल्यावर सहा महिने आम्ही त्या कुंडीला पाणी घातलं. काही आलं नाही. कुंजू ऐकून कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, जिंदा को मार डाला!" वेताचं बी सुकलं की मेलं, हे त्याने तेव्हा सांगितलं. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, पण पुढच्या रजेला त्याच्याजवळ तिनेच रिकामा डबा दिला. त्या डब्यातून नारळाच्या ओल्या काथ्यात गुंडाळलेल्या बिया आल्या आणि त्या मात्र रुजल्या.

नाशिकच्या उन्हात रोपं टिकणार नाहीत हे आम्हालाही कळत होतं. म्हणून ती गेली हरसूलला, माझ्या भागाआत्याकडे. आत्या अण्णांची धाकटी बहीण. तिचे यजमान लवकर वारले, मूलबाळ नाही. हरसूलच्या आठवडी बाजारात सुपं, टोपल्या आणि कणग्या विकून ती एकटी राहायची, आणि एकटी असण्याचं तिला काही वाटत असेल तर तिने ते कुणाला कळू दिलं नाही. जमीन तिच्याकडे नव्हती. ती होती लहानूकडे. लहानू कोकणा जमातीतला शेतकरी, आत्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याच्या उतारावरच्या शेताखाली एक घळ होती, बारमाही ओली, आणि घळीच्या दोन्ही अंगांना ऐनाची, जांभळाची सोळा झाडं. आत्याने त्याला गाठलं आणि सांगितलं की झाडाच्या बुडाशी रोप लावायचं, वेत तयार झाला की निम्मा तुझा, निम्मा आमचा. लहानूने विचार करायला एक बाजार घेतला आणि पुढच्या बाजारी हो म्हणाला. पंचेचाळीस रोपं लागली.

दोन पावसाळे गेले. रोपं जगली, पण जशीच्या तशी. जमिनीला बसलेली, शिंदीच्या पिल्लांसारखी, चार-पाच पानांची. चढायचं नाव नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, सायन्सला. आमच्या आळीतून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे मी लाजत सांगत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत मला वनस्पतींचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं, त्यात वेत होता. मी वही काढून भराभर उतरवून घेतलं: वेत हे दाट अरण्यातलं झाड, कोवळ्या रोपाला गर्द सावली हवी, ऊन लागू देऊ नये. संक्रांतीला त्र्यंबकपर्यंत मोटारीने आणि पुढे एका बैलगाडीतून हरसूलला गेलो तो ही वही छातीशी धरूनच.

तिकडे उन्हाळ्याच्या तोंडाला झाडांच्या फांद्या छाटतात. तो पाला वाळवून वाफ्यावर पसरायचा, वर शेण-माती टाकायची आणि पावसाआधी पेटवायचा. यालाच राब म्हणतात. भाजलेल्या वाफ्यात नागलीचं रोप करायचं. कुणाची झाडं कुठली हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं, दुसऱ्याच्या झाडाला कुणी कोयता लावत नाही. लहानूची झाडं म्हणजे घळीतली ती सोळा.

"लहानूदादा," मी म्हणालो, "यंदा या झाडांना हात लावायचा नाही."

"मंग राब कशाचा?"

"शेण घाला, गवत घाला. पडका पाला गोळा करा."

"गवतानं भुई भाजत नाय. भुई भाजली नाय त नागलीच्या आदी तण वर येतं."

"वेताला गर्द सावली लागते. पुस्तकात आहे."

"कोनाच्या पुस्तकात?"

"साहेबाच्या. जन्मभर हाच अभ्यास केलेल्या साहेबाच्या."

लहानू ऐनाकडे वर बघत राहिला. "तो सायब राब भाजतो का?"

आत्या खुदकन हसली. मी हसलो नाही. लहानूची बायको तुळशी तेव्हा माहेरी गेली होती, ती असती तर गोष्ट तिथेच मिटली असती, असं मला पुष्कळदा वाटतं. पण आत्या हसू आवरून म्हणाली, "लहानू, माझा भाचा हाय त्यो. ज्या तोंडानं मी बाजारात सुपं इकते त्याच तोंडानं सांगते, त्याचं आईक." लहानूने खांद्यावरचा कोयता खाली घेतला. "शिकलेला म्हनतो त आयकू," एवढंच म्हणाला.

त्याने खरोखरच ऐकलं. सोळापैकी एकाही झाडावर तो चढला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा गेलो, या वेळी अण्णांना घेऊन. मला त्यांना जिवंत वेत दाखवायचा होता. आत्या आम्हाला बघून नेहमीसारखी दारात आली नाही. आतूनच म्हणाली, "आधी शेतावरून जा, मंग घळीत जा." आम्ही शेतावरून गेलो. शेजारच्या शेतांत नागली कंबरेला लागत होती, कणसं भरून वाकली होती. लहानूच्या शेतात गुडघ्याएवढी, विरळ, मध्ये मध्ये तणाचे पट्टे. वाफा भाजला नव्हता, रोप कमजोर निघालं, लावणीला उशीर झाला. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, तशी गरजही नव्हती. लहानूने आत्याला निरोप दिला होता: खळं उरकलं की कुदळ घेऊन वेत उपटून टाकणार.

घळीत उतरलो. वेत तसाच. खाली बसलेला, चार-पाच पानांचा.  मी पुढे चालत गेलो आणि घळीच्या अगदी खालच्या टोकाला माझा सदरा कशाला तरी अडकला. मी ओढला तर जास्तच अडकला, दंडही ओरबाडला.

"ओढू नकोस," अण्णा मागून म्हणाले. "मागे ये. जिकडून आलास तिकडे."

मागे आलो तसा सदरा सुटला. वर बघतो तो एका जांभळाला तीन वेत चढलेले. चांगले दोन पुरुष उंच. प्रत्येकाला एक लांबलचक चाबूक, चाबकाला उलटे आकडे, आणि त्या आकड्यांनी तो फांदीला धरून वर गेलेला. अण्णा पुढे झाले. काटेरी आवरण त्यांनी बोटांच्या टोकांनी जरासं बाजूला केलं आणि आतल्या हिरव्या कांडीवर अंगठा टेकवला. वीसहून अधिक वर्षं त्यांनी हीच वस्तू हातात धरली होती. "ओला असताना गार लागतो," म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तीनच का वाढले?"

उत्तर तुळशीने दिलं. ती शेरडं घेऊन वरच्या बांधावर उभी होती. "तेवडं झाड म्या छाटलं. शेरडांनी काय खायाचं मंग? तुमी सांगून गेले तवा म्या घरी नव्हते." जांभळाचा माथा मोकळा होता, खाली ऊन पडलं होतं. मला काय दिसतंय ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांना आत्याकडे ठेवून मी एकटा नाशिकला आलो. लायब्ररीच्या शिपायाच्या हातापाया पडून सुट्टीत दार उघडून घेतलं आणि तेच पुस्तक काढलं. मी उतरवून घेतलेला मजकूर पानाच्या शेवटच्या ओळीला संपत होता. पान उलटलं. रोप हातभर झालं की वरची सावली विरळ करावी, नाहीतर वेत वर्षानुवर्षं जमिनीलाच बसून राहतो, असं पुढच्या पानाच्या पहिल्याच ओळीत होतं. संक्रांतीला त्र्यंबकची मोटार गाठायची म्हणून मी त्या पानापर्यंत गेलोच नव्हतो.

लपवता आलं असतं का? आलं असतं. त्या टोकाला ओल जास्त आहे म्हणून ते तीन वाढले, असं मी ठासून सांगितलं असतं तर आत्याने मान डोलवली असती, अण्णांनीही. लहानूने वेत उपटला असता आणि दोष वेताच्या माथी गेला असता. परतीच्या गाडीत मी हे सगळं मनात घोळवलं. पण आत्याने स्वतःच्या तोंडाची हमी दिली होती, आणि मला त्या घळीतला वेत हवा होता. चूक कबूल केल्याशिवाय तो राहणार नव्हता.

मी परतलो तोवर कापणी होऊन लहानूच्या खळ्यावर नागली झोडायचं काम चाललं होतं. पाच-सहा गडी होते, तुळशी होती, आत्या आणि अण्णा माझ्या मागे. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "लहानूदादा, चूक माझी झाली. झाडं छाटायला हवी होती. तुमचाही राब झाला असता आणि वेतही चढला असता."

"सायब चुकला का रं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"साहेब बरोबर होता. मी अर्धंच वाचलं."

"आमी अडानी बरे," म्हातारा म्हणाला. "आमी कायच अर्धं वाचत नाय."

गडी खो खो हसले. आत्याही पदर तोंडाला लावून हसली. लहानू हसला नाही. त्याने झोडणी बाजूला टाकली.

"माजी नागली हसन्यावारी गेली नाय," तो म्हणाला. हसू थांबलं. त्याने समोरच्या लहानशा राशीकडे बोट केलं. "हे चैतापत्तोर. पुढं पोरं काय खातील?"

"बाजरी आम्ही पोचवू," अण्णा म्हणाले. "पुढची नागली निघेपर्यंत."

"आना. पन राब कोन तोडल? यंदा म्या झाडावर चढनार नाय. हा चढल. सोळाच्या सोळा. मंग म्या ठरवीन वेताचं काय करायचं."

"आरं लहानू, माघ-फागुनात त्याची परीक्षा रं," आत्या म्हणाली.

"माजी या पावसाळ्यात झाली."

मी हो म्हणालो. परतताना अण्णा म्हणाले, "झाडावर कोयता कसा धरतात, माहीत आहे का?"

"बुरडाचा मुलगा आहे मी."

"बुरूड खाली बसून कापतो," अण्णा म्हणाले.

माघात मी हरसूलला गेलो. सोळा झाडांना मला एकोणीस दिवस लागले. लहानूला आठ लागले असते. पहिल्या दिवशी लाल मुंग्यांचं घरटं डोक्यावर पडलं, तिसऱ्या दिवशी तळहाताची कातडी गेली, आणि आठवड्याभरात ती परत आली ती वेगळीच, जाड. केमिस्ट्रीचं पुस्तक मी फांदीच्या बेचक्यात ठेवायचो आणि दम खायला बसलो की वाचायचो, तुळशी खाली पाल्याचे भारे बांधता बांधता ओरडायची, "ओ मास्तर, तोंडानं फांदी तुटत नाय!" दुपारी ती नागलीची भाकरी आणि उडदाचं पाणी आणायची. त्या घरातली नागली मोजकी उरली होती हे मला ठाऊक होतं, आणि ती मला वाढताना तिने हात आखडला नाही. परीक्षा मी दिली, आणि दुसऱ्या वर्गात पास झालो. नंतर पुण्याला जाऊन पदवीही घेतली. पण माझ्या हातांना जे काही येतं त्यातलं निम्मं त्या एकोणीस दिवसांचं आहे, आणि हे मी पदवीच्या शेजारीच लिहून ठेवतो.

शेवटचं झाड ऐनाचं, घळीच्या मधोमध. त्या दिवशी लहानू सकाळीच आला. खांद्यावर कुदळ. तो खाली दगडावर बसला, कुदळ पायाशी ठेवली, तंबाखू मळायला घेतली. इतके दिवस तो खालून सांगायचा आणि मी तोडायचो. ही घे, ती ठेव, शेंडा राहू दे, नाहीतर झाड मरतं. त्या दिवशी मी वर चढून वाट बघत राहिलो. तो बोलेना.

"लहानूदादा, कुठली घेऊ?"

"तू सांग."

मी वर बघितलं, मग खाली. ऐनाच्या बुडाशी तीन रोपं होती. आजूबाजूची झाडं छाटल्यापासून ऊन येऊ लागलं होतं, आणि त्यातल्या एकाने पहिला चाबूक काढला होता, बोटाएवढा बारीक. तो सर्वांत खालच्या, जवळजवळ जमिनीपर्यंत झुकलेल्या फांदीला लागला होता. राबाला फांदी मोठी होती, पाला भरपूर. तुळशीही तिच्याकडेच बघत होती.

"वरच्या दोन घेतो," मी म्हणालो. "आणि पलीकडची. ही खालची नाही. हिला वेताने धरलंय."

"राब कमी पडल."

"नाही पडणार. पलीकडच्या दोन अजून आहेत, त्या घेतो. खालची घेतली तर वेत जमिनीवर येईल आणि पुन्हा एक वर्ष जाईल."

लहानूने तंबाखू ओठाखाली धरली. उठला, ऐनाच्या बुडाशी आला आणि तो चाबूक फांदीला कसा लागलाय ते मान वाकडी करून बघितलं.

"तोड मंग," म्हणाला, आणि कुदळ उचलून वेताच्या बुडाशी माती ओढायला लागला.